काणी आणि वटवट्या

विजातीय वस्तूंची तुलना करू नये, असे आमचे तर्कशास्त्राचे गुरुजी सांगत असत. आंब्याची तुलना करायची तर आंब्याशी करावी, फार तर फणसाशी करावी. आगगाडीच्या वेळापत्रकाशी करू नये. हा नियम मी पुष्कळ वर्षे निमूटपणे पाळला. तो मोडायला लावला माझ्या मामांनी, आणि तोही उजनीच्या काठी, उसाच्या बांधावर उभे राहून.

झाले असे की, २०२४ च्या मार्चअखेर मामांचा फोन आला. मामा फोनवर फार बोलत नाहीत. फोन म्हणजे तार, आणि तारेला शब्दागणिक पैसे पडतात, अशी त्यांची अजून समजूत असावी. "उसाला काणी लागली. येऊन जा." एवढेच म्हणाले आणि ठेवून दिला. मी काही शेतकीतला जाणकार नव्हे. पण मी पुण्यात राहतो, माझ्या घरात पुस्तके आहेत, आणि एवढ्या भांडवलावर मला सर्व काही कळत असले पाहिजे, असा आमच्या आजोळचा जुना ग्रह आहे. पाडव्याला आठ दिवस होते. मी निघालो.

सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले की दौंडपर्यंत माणूस खिडकीबाहेर पाहत नाही. दौंडनंतर मात्र पाहावे. भिगवण जवळ येऊ लागले की डाव्या हाताला पाण्याची एक पांढरी रेघ दिसू लागते, मग ती रुंद होते, आणि एरवी दुष्काळाची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या मुलखात हा समुद्र कुठून आला, असे नवख्या माणसाला वाटते. हे उजनीचे पाणी. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. कागदोपत्री जलाशयाचे नाव यशवंतसागर आहे, पण लोक 'उजनी' किंवा नुसते 'फुगवटा' म्हणतात. पोटात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यांतले ६३ दरवाजांच्या पातळीच्या खाली असते आणि ते मोजायचे नाही, असा संकेत आहे. म्हणून ६३ टीएमसी पाणी शिल्लक असताना धरण 'शून्य टक्के' असते, आणि त्याहून कमी झाले की वर्तमानपत्रांत 'उजनी उणे दहा', 'उणे वीस' असे मथळे येतात. पाणी दिसते आहे आणि ते शून्याच्याही खाली आहे, हा हिशेब मला अजून पचलेला नाही. २०२३ चा पावसाळा हुकला होता. त्यामुळे त्या उन्हाळ्यात उजनी केव्हाच उण्यात गेली होती. गाडीतून दिसणारी पांढरी रेघ त्या वर्षी पुष्कळ बारीक होती आणि तिच्या अलीकडे मैल मैल करडा गाळ उघडा पडला होता.

माझ्या आईचे माहेर त्या गाळाखाली आहे. सत्तरीच्या दशकात गाव उठले तेव्हा मामा विशीत होते. वाड्याच्या तुळया आणि चौकटी बैलगाडीवर घालून त्यांनी वर माळावर आणल्या. त्यांतली एक चौकट आजही नव्या घराच्या दाराला आहे आणि ती दाराहून बोटभर उंच आहे. फुगवट्याखाली गेलेल्या गावांतले पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ प्रसिद्ध आहे. पाणी उतरले की त्याचे शिखर वर येते, फारच उतरले तर सबंध देऊळ उघडे पडते आणि पुण्याहून माणसे मोटारी घेऊन पाहायला जातात. आमच्या गावचे देऊळ साधे, पत्र्याचे होते. ते काही वर येत नाही. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांपैकी ज्यांची थोडीबहुत काठावर उरली, ते मात्र बागाईतदार झाले. मामा त्यांतले. गेले ते पाण्याने नेले आणि आहे तेही पाण्यानेच दिले, त्यामुळे पाण्याला शिवी द्यावी की नैवेद्य दाखवावा, याचा त्यांच्या घरी निकाल लागलेला नाही.

स्टेशनवर मामेभाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. घरी पोचल्यावर मामींनी चिलापीचे कालवण आणि ज्वारीची भाकरी वाढली. चिलापी ही आफ्रिकेतली मासळी, पण आता ती उजनीची लेकच झाली आहे. जेवताना काणीचा विषय निघाला नाही. आजारी माणसाबद्दल त्याच्या खोलीबाहेर बोलावे तसे मामा हात धुऊन झाल्यावर म्हणाले, "चल, दावतो."

ज्यांनी उसावरची काणी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उसाच्या शेंड्यातून, जिथून कोवळे पान यायचे तिथून, एक काळा चाबूक बाहेर येतो. चाबूकच, दुसरा शब्द सुचत नाही, आणि शेतकऱ्यालाही सुचला नाही, म्हणून तो या रोगाला 'चाबूक काणी' म्हणतो. कधी वीतभर, कधी हात-दीड हात, कधी त्याहूनही लांब, टोकाशी वाकलेला. आधी त्याच्यावर चंदेरी पापुद्रा असतो, लग्नातल्या मिठाईवरच्या वर्खासारखा. तो फाटला की आत काजळी. वाऱ्याची झुळूक आली की ती काजळी धुरासारखी उडते. त्या धुराचा एकेक कण म्हणजे बुरशीचा एकेक बीजाणू. एका मिलिमीटरच्या अंतरात असे शंभराहून अधिक ओळीने बसतील. एका चाबकावर ते अब्जांनी असतात. ज्या बेटात चाबूक निघाला त्या बेटाचे रूपही पालटते: ऊस जाडीला सुटत नाही, बारीक बारीक फुटवे मात्र ढीगभर फुटतात, पाने अरुंद होतात, आणि हजारो वर्षांच्या मशागतीचा ऊस पुन्हा गवत होऊ पाहतो आहे असे वाटते.

मामांचा खालचा दीड एकर खोडव्याचा होता. त्यांत मी मोजत गेलो. एका सरीत अकरा चाबूक मोजल्यावर मोजणे सोडून दिले.

"ल्हानपणी ज्वारीच्या काणीनं मिशा काढायचो आमी," मामा म्हणाले. "आता तिनंच माजी मिशी उतरवली."

ही काणी ज्वारीवरची नव्हे, तिची चुलतबहीण. पूर्वीच्या पुस्तकांत हिचे नाव उस्टिलागो, आताच्या पुस्तकांत स्पोरिसोरियम सायटॅमिनियम. पहिली नोंद झाली १८७७ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळात. १९७१ मध्ये ती हवाईत दिसली, १९७८ मध्ये फ्लोरिडात, १९९८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात. बोटीतून, बेण्यातून, माणसांच्या कपड्यांवरून ती फिरली हे खरेच. पण अटलांटिक ओलांडून आणि इंडोनेशियाकडून ऑस्ट्रेलियात ती चक्क वाऱ्यावरून गेली असावी, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. बीजाणू उसाच्या डोळ्यावर पडतो, ओलाव्यात रुजतो, दोन जोडीदार तंतू एकत्र येतात आणि डोळ्यात शिरतात. मग तो गप्प बसतो. ऊस वाढेल तसा त्याच्या शेंड्याबरोबर वर चढत राहतो. दोन-चार महिने, कधी अधिक, कोणाला पत्ता नाही. रोगट उसाची टिपरी लावली तर रोगही लावला जातो. आणि खोडवा ठेवला तर दुसऱ्या वर्षी दुप्पट होतो.

हे सारे मला त्या दिवशी माहीत नव्हते. त्या दिवशी मला एवढेच कळले की मामांना माझ्याकडून औषध नको होते. त्यांना गुन्हेगार हवा होता, आणि तो त्यांनी आधीच धरून ठेवला होता.

दीड एकराच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे. ओढा म्हणजे उसाच्या सऱ्यांतून झिरपणारे पाणी जिथून फुगवट्याकडे उतरते ती घळ. तिथे पाच-सहा गुंठ्यांत नळ आणि पाणकणीस असे माजले होते की म्हैस उभी राहिली तर दिसू नये. आसपासचा सगळा काठ कोरडा, भेगाळलेला. आणि हे एवढे हिरवेगार.

"तुज्या पुण्याचं पानी पिऊन माजलाय त्यो," मामा म्हणाले. मुळा-मुठेतून पुण्याचे काय काय भीमेत येते आणि उजनीत मुक्कामाला राहते हे त्या काठावर लहान पोरालाही ठाऊक आहे. मी गप्प राहिलो. पुणेकराला गप्प राहण्याचे प्रसंग थोडे येतात, हा एक.

"ह्या नळातनं काणी आली. चार वर्सं झाली, नळात एक पाखरू यायला लागलंय. रात न्हाई, पहाट न्हाई, नुसतं कर्र-कर्र. त्ये आलं आन् दुसऱ्या साली काणी आली. नळावर बसतंय, उसात शिरतंय. पंखावरनं आणतंय त्ये. जेसीबी सांगितलाय परवा. खालचा ऊसबी काढायचा आन् त्यो नळबी. जागा सपाट करून शेतात घालतो."

म्हणजे एकीकडे एक बुरशी, दुसरीकडे एक पाखरू, आणि दोघांची नावे एकाच फिर्यादीत. निकाल परवा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच ओढ्यावर गेलो. गार होते. उघड्या गाळावर बगळे आणि शेकाट्या उभ्या होत्या. फार लांब, जिथे खरे पाणी सुरू होते तिथे, गुलाबी झाक असलेली एक ओळ होती, ते रोहित असावेत. भिगवणला माणसे येतात ती त्यांना पाहायला. नळाकडे कोणी येत नाही, कारण तिथे पाहण्यासारखे काही नसते. ऐकण्यासारखे असते.

आणि ते सुरू झाले. आधी घसा खाकरल्यासारखे, मग कर्र-कर्र, चाक् चाक्, करीक् करीक्. मध्येच एखादी गोड शीळ, आणि पुन्हा लाकूड कापणाऱ्या करवतीसारखे कर्र. एवढ्या आवाजाचा पक्षी निदान कावळ्याएवढा तरी असेल असे वाटावे. अर्धा तास मी उभा राहिलो. नळ हलला. एका उभ्या दांड्याला आडवे धरून, पाय फाकून, मातकट तपकिरी रंगाचा, बुलबुलाच्या अंगलटीचा एक पक्षी बसला होता. भुवईची फिकट रेघ, पांढुरका गळा, लांबट चोच. बाकी काही नाही. रंग असे वाटपाला आले तेव्हा हा बहुधा नळातच बसून राहिला असावा. पण त्याने गायला चोच उघडली तेव्हा तोंडाच्या आतला नारिंगी-तांबूस रंग लख्ख दिसला. सगळी श्रीमंती गळ्यात.

हा बोरूच्या बनांतला वटवट्या. आपल्याकडच्या वटवट्यांत हा चांगला थोराड. याचे शास्त्रीय नाव हेम्प्रिख आणि एरेनबर्ग या दोघा जर्मन प्रवाशांनी १८३३ साली इजिप्तमधल्या नमुन्यावरून दिले, त्यात 'स्टेंटोरिअस' असा शब्द आहे. होमरच्या इलियडमध्ये स्टेंटर नावाचा एक भालदार आहे; पन्नास माणसे मिळून ओरडतील एवढा आवाज तो एकटा काढी. त्याच्यावरून हे नाव. काश्मीरच्या सरोवरांतल्या नळांत हा वीण करतो. पाण्यावर उभे असलेले तीन-चार दांडे एकत्र गुंफून त्यांच्यामध्ये खोल वाटीसारखे घरटे टांगतो. दांडे वाऱ्याने कितीही डोलले तरी अंडी सांडत नाहीत. काही पक्षी एकाच जागी राहतात, काही हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतात. हा मामांचा पाहुणा त्या उतरणाऱ्यांपैकी असणार. चैत्रात घसा साफ करून परतीच्या वाटेला लागण्याच्या बेतात होता. खाणे सारे किडामुंगीचे.

तिथे उभा असताना माझ्या डोक्यात गुरुजींचा नियम मोडायला सुरुवात झाली. मामांनी ज्यांना एका पिंजऱ्यात उभे केले होते त्यांच्यात साम्य कमी नव्हते. दोघेही उभ्या दांड्याचे बिऱ्हाडकरू. दोघेही वाऱ्याच्या वाटेने येणारे, सरहद्दी न मानणारे. दोघेही रोज डोळ्यांसमोर असून न दिसणारे. एकाची वर्दी आवाजाने लागते, दुसऱ्याची चाबकाने. आणि दोघांनाही या माळावर आणले ते एकाच पाण्याने. १९८० पूर्वी इथे ना ऊस होता, ना नळ. हुलगे आणि बाजरी होती. पाणी आले, ऊस आला, उसामागून काणी आली. पाणी आले, गाळ साचला, नळ आला, नळामागून वटवट्या आला. मामा म्हणत होते ते निम्मे बरोबर होते. हे दोघे एका कुळातले नसले तरी एका तारखेचे होते.

पण काणी दांड्याच्या आत राहते आणि दांड्याचा शेंडा खाऊन स्वतःचा झेंडा उभारते. वटवट्या दांड्याला बाहेरून धरतो. उडून गेला की दांडा क्षणभर हलतो आणि पुन्हा उभा राहतो. एवढा फरक न्यायालयात पुरला असता. मामांपुढे पुरणार नव्हता.

घरी आल्यावर मी पुण्यातल्या एका मित्राला फोन लावला. त्याची सारी नोकरी उसाच्या रोगांत गेली आहे. मी सगळी हकीकत सांगितली. तो आधी मनसोक्त हसला, मग त्याने विचारले, "बेणं कुठलं होतं?"

मी फोन मामांच्या हाती दिला. मामा बराच वेळ "हां, हां" करीत राहिले. बेणे गावातल्याच एका खोडव्याचे होते. बेणेमळ्यातले महाग पडते, आणायला टेंपो लागतो. हे घरपोच आणि उधारीवर मिळाले होते. मित्राने त्यांना स्वच्छ सांगितले की ही काणी नळावर येत नाही, पाणकणसावर येत नाही. ती येते उसावर आणि उसाच्या सोयऱ्यांवर. बांधावर कास गवत आहे का? आहे. ते काढा. कासावर ती राहू शकते. रोगट बेट उपटताना चाबकावर आधी ओले पोते किंवा पिशवी घाला, मग कापा, नाही तर उपटणारा माणूसच पेरणारा होतो. बेट मुळासकट खणा, जाळा. खोडवा ठेवू नका. पुढच्या लागणीला मळ्यातलेच बेणे आणा, आणि बेण्याला पन्नास अंशांच्या गरम पाण्यात दोन तास ठेवण्याची सोय असेल तर तीही करून घ्या.

मामा फोन ठेवून म्हणाले, "कासावर कशी? कास तर रानाचं गवत."

ही गोष्ट मला माहीत होती, आणि आजोळच्या ग्रहाला जागण्याची तेवढी एकच संधी मी साधली. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले. तिथे बार्बर आणि व्यंकटरमण यांनी जाड, रसाळ उसाचा संकर नदीकाठच्या रानटी कासाशी केला. त्यातून १९१८ साली 'को २०५' बाहेर पडला, आणि आज आपल्या देशात जो ऊस उभा आहे त्याच्या अंगात कासाचे रक्त आहे. म्हणजे बांधावरचे कास आणि बांधाआतला ऊस ही भावकीच. काणीला ही सोयरीक ठाऊक आहे.

"म्हंजी घरातलाच निगाला," मामा म्हणाले आणि तंबाखूची चंची शोधू लागले.

ठरल्या दिवशी जेसीबी आला. आदल्या सबंध दिवशी मामा, मामेभाऊ आणि दोन गडी खताची रिकामी पोती भिजवून चाबकांवर घालून कापत फिरले होते. मीही एका सरीत काम केले. सांगण्यासारखे झाले नाही, पण संध्याकाळी आंघोळीच्या पाण्याला काळा रंग आला, एवढे खरे. मग यंत्राने बेटे उपटली, ढीग रचले, आणि ते जाळले. ओला ऊस लवकर पेटत नाही. त्या धुराला गुऱ्हाळासारखा वास येत होता. मामी घरातून बाहेर आल्या नाहीत. दीड एकराचा खोडवा, सोसायटीचे कर्ज, आणि त्या वर्षी पाणी मागे सरकेल तसतसे मोटारीचे पाइप गाळातून पुढे पुढे नेण्याचा खर्च, हा सगळा त्या ढिगात होता. मी आकडा विचारला नाही.

दुपारी यंत्रवाला म्हणाला, "आता नळ?"

मी मामांकडे पाहिले नाही. खरे सांगायचे तर नळ काढू नका असे म्हणायचा मला काय अधिकार होता? त्या नळात रानडुकरे लपतात, ती रात्री उसात शिरतात. माझा ऊस नाही, डुकरे माझी नाहीत. जागा काढली असती तर पाच-सहा गुंठे वाढले असते, आणि पाच-सहा गुंठ्यांवर भावाभावांत कोर्ट चालते. शिवाय वर ऊसच राहिला नाही तर सऱ्यांतून झिरपणारे पाणी बंद. मग नळ महिनाभरात आपणच वाळला असता. काणीने ऊस नेला आणि उसाबरोबर पाखराचे घरही, असाच तो हिशेब होता. फिर्याद खोटी ठरली तरी शिक्षा टळत नव्हती.

मामांनी चंची उघडली, चुना लावला, तंबाखू मळली. "तासाला किती म्हनला तू?" त्यांनी विचारले. यंत्रवाल्याने भाव सांगितला. "मंग ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "आदी बांधावरचं कास काड."

हे पाखरासाठी झाले की पैशासाठी, हे मला ठाऊक नाही. मामांना विचारण्यात अर्थ नव्हता. एवढेच पाहिले की संध्याकाळी त्यांनी वरच्या तुकड्याला पाणी सोडले तेव्हा मामेभाऊ म्हणाला, "तात्या, व्हॉल्व गळतोय, पानी वड्याकडं चाललंय," आणि मामा म्हणाले, "बघू उद्या." उद्या मी निघालो, तोवर तो बघून झालेला नव्हता.

त्या वर्षी पाऊस लवकर आणि भरपूर झाला. ऑगस्टमध्ये उजनी काठोकाठ भरली, उण्याचे अधिक झाले, आणि ओढ्यातला नळ कमरेपर्यंत पाण्यात गेला. खालच्या दीड एकरात मामांनी ताग करून गाडला आणि मग हरभरा टाकला. दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. बेणेमळ्यात नाव नोंदवले आहे म्हणाले. मग जरा थांबले. मला वाटले, फोन ठेवला.

"त्ये तुजं पाखरू," ते म्हणाले, "आलंय वाटतं. पर मला नीट वळखू यीना. येऊन बगून जा."